दादरच्या फूट क्लिनिकमधलं थर्मल स्कॅन: एका इलेक्ट्रिशियनचा रिव्ह्यू

मार्चमधली गोष्ट. रात्रपाळी करून सकाळी घरी आलो, सेफ्टी शूज काढले आणि उजव्या बुटातून एम-फोरचा नट फरशीवर पडून टणटणत पलंगाखाली गेला. एवढासा, सात मिलीमीटरचा. मोजा काढला तर तळव्यावर, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर, षटकोनी ठसा. बायको चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. "अहो, दुखलं नाही तुम्हाला?"

नाही दुखलं. आठ तास त्या नटावर चाललो, दोन बेसमेंट चढलो-उतरलो, ट्रान्स्फॉर्मर रूमच्या फेऱ्या मारल्या, आणि पत्ताच नाही.

माझं वय ५७, शुगर १५ वर्षांची. लोअर परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका मॉलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, राहायला काळाचौकीला. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा एचबीएवनसी आठच्या आसपास, म्हणजे डॉक्टर रागावतात पण हात टेकत नाहीत, इतपत. नटाची गोष्ट ऐकल्यावर मात्र ते म्हणाले, आता नुसते रक्ताचे रिपोर्ट आणू नका, पाय दाखवा कुठेतरी. मुलीने शोधून दादर पश्चिमेचं एक फूट क्लिनिक काढलं. तिथे थर्मल इमेजिंगने पाय तपासतात हे तिने वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आलं. थर्मल कॅमेरा घेऊन मी २० वर्षं पॅनेल रूममध्ये फिरतोय.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणसं वाईट नाहीत, म्हणून.

पहिली तक्रार जिन्यातच. मे महिना, दुपारचे साडेतीन, स्टेशनवरून फुलबाजाराच्या गर्दीतून चालत गेलो. इमारत जुनी, लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी, आणि पाटीच इतकी जुनी की तिचीच दुरुस्ती करायला हवी. दवाखाना पायांचा आणि दुसऱ्या मजल्यावर. वर पोचलो तर दारात बोर्ड: कृपया चपला-बूट बाहेर काढावेत. काढले. अनवाणी आत गेलो, तर समोरच्या भिंतीवर तितक्याच मोठ्या अक्षरात लिहिलेलं: मधुमेहींनी अनवाणी चालू नये. मी काउंटरवरच्या मुलीला दोन्ही बोर्ड दाखवले. ती म्हणाली, "काका, पावसाळ्यात चिखल येतो ना." मे महिन्यात.

बसायला खुर्च्या चांगल्या होत्या. शेजारी डोंबिवलीचे एक गृहस्थ होते, डावं पाऊल घोट्यापासून सुजून चकचकीत लाल. दुखत नाही म्हणाले. महिनाभर मुरगळलंय समजून मलम चोळत होते, एक्स-रे पण नॉर्मल आलेला. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

माझा नंबर लागला. आतल्या खोलीत तपासणीचा पलंग, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा. कॅमेरा बघितल्याबरोबर ओळखला, आमच्या कंपनीतल्यापेक्षा एक पायरी वरचा. टेक्निशियन मुलगी पंचविशीची, चटपटीत. "काका, मोजे काढा, पाय इथे वर." मोजे काढले आणि मिनिटभरात क्लिक. स्क्रीनवर उजवा पाय पेटल्यासारखा लाल-पिवळा, डावा गार हिरवा-निळा. प्रिंटर घरघरला, रंगीत कागद हातात आला. वर ठळक अक्षरात: उजवा पाय, हाय रिस्क.

आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याच्या पोटात गोळा आला असता. मी वर बघितलं. भिंतीवर स्प्लिट एसी, आणि त्याचा झोत थेट माझ्या डाव्या पायावर.

मी विचारलं, "ताई, पाय जरा निवू द्यायचे नाहीत का? उन्हातून चालत आलोय. आणि हा एसी?"

"काका, सॉफ्टवेअर सगळं ऑटोमॅटिक करतं."

"याच्यावर स्केल कुठाय? लाल म्हणजे किती डिग्री?"

कागदावर स्केल नव्हतीच. इथे माझा पारा चढला. कारण यातलं थोडंफार मला कळतं, आणि ज्यांना ते कॅमेरे विकले जातात त्यांना हे शिकवलं जात नाही असं दिसतं.

थर्मल कॅमेरा रंग बघत नाही. तो पृष्ठभागातून निघणारी उष्णता बघतो आणि आपल्या सोयीसाठी तिला रंग देतो. रेंज ऑटोवर सोडली की चौकटीतल्या सगळ्यात गार जागेला तो निळा देणार आणि सगळ्यात गरम जागेला लाल, मग त्या दोघांत एकाच डिग्रीचा फरक का असेना. आमच्याकडे नवीन पोरं पहिल्या दिवशी हेच करतात. सगळं पॅनेल लाल दिसतं, धावत येतात, "सर, आग लागणार!" रेंज नीट लावली की कळतं, काही नाही, बिचारा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, आपलं काम करतोय.

दुसरं म्हणजे अचूकता. असल्या कॅमेऱ्यांच्या कागदपत्रांत बहुतेक वेळा अधिक-उणे २ डिग्री असं लिहिलेलं असतं. म्हणजे कॅमेरा ३२ म्हणाला तर खरं तापमान ३० ते ३४ यांत कुठेही असू शकतं. मग पायातला दोन-अडीच डिग्रीचा फरक तो काय डोंबल पकडणार, असं वाटेल. पकडतो, कारण दोन्ही पाय एकाच चौकटीत असतात. जी चूक डाव्याला तीच उजव्याला, वजाबाकीत ती उडून जाते. एकाच चित्रातल्या दोन जागांमधला फरक मात्र हे कॅमेरे डिग्रीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक ओळखतात. आम्ही थ्री-फेज पॅनेल असंच बघतो. आर, वाय, बी या तिन्ही फेजवर लोड सारखा असताना वायचाच लग, म्हणजे केबलचं जोडाचं टोक, बाकी दोघांपेक्षा १५ डिग्री गरम निघाला तर लग सैल आहे, शटडाऊन मागा. किती गरम यापेक्षा भावांपेक्षा किती गरम, हा प्रश्न. पायाला फेज दोनच, एवढाच फरक. पण तुलना करायची तर दोन्ही फेजची परिस्थिती सारखी हवी. एकावर एसी आणि एकावर नाही, म्हणजे एका फेजवर लोड आणि दुसरी बंद असताना घेतलेलं रीडिंग. ते फाडून टाकायचं असतं.

बरं, कातडी मोजायला बसबारपेक्षा, म्हणजे पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्टीपेक्षा, सोपी. चकचकीत तांब्यावर कॅमेरा चक्क खोटं बोलतो, त्याला समोरच्या माणसाचीच उष्णता परावर्तित होऊन दिसते. त्यावर काळी टेप चिकटवून मग मोजावं लागतं. कातडीची एमिसिव्हिटी, म्हणजे स्वतःची उष्णता बाहेर टाकायची क्षमता, एकपैकी ०.९८, जवळजवळ आदर्श. असं सोपं गिऱ्हाईक मिळूनही काम बिघडवायचं म्हणजे कमाल.

मी हे सगळं त्या मुलीला सांगितलं नाही, तिची काय चूक. म्हटलं, डॉक्टरांना भेटतो.

डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असतील. कागद बघितला, माझं म्हणणं ऐकलं, आणि उठून माझ्याबरोबर त्या खोलीत आल्या. इथून पुढचा अनुभव पाच स्टारचा. एसीचा झोत भिंतीकडे वळवला, पाय एकमेकांना चिकटणार नाहीत असे ठेवले, मला पंधरा मिनिटं पडून राहायला सांगितलं. मध्ये विचारलं, पायाला तेल-क्रीम काही लावलंय का. स्केल त्यांनी स्वतः लावली, २४ ते ३६. मग क्लिक.

या वेळी दोन्ही पाय जवळपास एकाच रंगाचे. टाचा सारख्या, बोटं सारखी. फक्त उजव्या अंगठ्याच्या मागे, जिथे मार्चमध्ये तो नट रुतला होता, तिथे रुपयाच्या नाण्याएवढा पिवळट डाग. उजवीकडे ३३.१, डावीकडे त्याच जागी ३०.४. फरक २.७.

पहिल्या स्कॅनमध्ये तो डाग दिसलाच नव्हता. सगळा पाय लाल म्हटल्यावर त्यात एक ठिपका काय दिसणार? खोटा अलार्म वाजला ते एक वेळ चालेल, पण त्या गोंगाटात खरा अलार्म बुडाला होता.

मॅडम म्हणाल्या, २.२ डिग्रीच्या वर फरक असला, आणि तो लागोपाठ दोन दिवस टिकला, की आम्ही सावध होतो. त्या जागेवर माझ्या कातडीला घट्टा पडला होता, पिवळट, जाड. वर्षानुवर्षं आहे, सेफ्टी शूजचा प्रसाद. मी त्याला कधी मोजलंच नव्हतं. त्यांनी ब्लेडने तो पापुद्रा पापुद्रा करून तासला. पेन्सिल तासल्यावर निघतात तशा चकत्या ट्रेमध्ये पडत होत्या, मला स्पर्शही कळत नव्हता, नुसता खरखर आवाज. चौथ्या-पाचव्या थराखाली मसुराच्या डाळीएवढा काळपट लाल डाग दिसला. घट्ट्याच्या आतल्या बाजूला रक्त साकळलं होतं. कातडी अजून फुटलेली नव्हती. "थोडे दिवस आणखी चालला असता तर हे आतून उघडलं असतं," मॅडम म्हणाल्या, आणि आरसा धरून मला दाखवलं. मी आपला तळवा असा इतक्या वर्षांत बघितला नव्हता.

मग बाकीच्या तपासण्या. नायलॉनचा दहा ग्रॅमचा दोरा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून विचारतात, लागतंय का. मी डोळे मिटून 'हो' म्हणत गेलो आणि निम्म्या वेळा त्यांनी टेकवलाच नव्हता. कंपनांचं मशीन लावलं, त्याचा आकडा २५ व्होल्टच्या पुढे गेला की धोका, माझा ३१. घोट्यापाशी डॉपलर लावून रक्तपुरवठा बघितला, तो ठीक. हे सगळं थर्मल कॅमेऱ्याइतकंच, माझ्या मते जास्तच महत्त्वाचं, पण जाहिरातीत रंगीत चित्र असतं, दोऱ्याचा तुकडा नसतो.

गरम का होतं, हे मी विचारलं. उत्तर सोपं होतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब आला की आत सूज धरते आणि सुजेला रक्त धावतं. ज्याला संवेदना आहे तो माणूस नकळत लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो, जागेला आराम मिळतो. आपल्याला दुखतच नाही, मग आपण बिनधास्त त्याच जागी पाय आपटत राहतो. शुगरने दुखण्याची वायर तुटलीय, म्हणून उष्णतेचा इंडिकेटर बघायचा.

आणि ही कल्पना नवीन नाही म्हणे. १९४६ साली वेल्लोरला आलेले सर्जन पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करायचे. तळवा हाताने चाचपून गरम जागा शोधायची, हे त्यांचं शिकवणं. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर सत्तरच्या दशकात त्यांनी अशा पायांसाठी थर्मोग्राफीही वापरली. आज डायबेटिसवाल्यांना देतात ती मऊ एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, चप्पलही कुष्ठरोगाच्या कामातूनच आलेली.

घरी आल्यावर मुलीने नेटवरून अभ्यास वाचून दाखवले. २०१७ साली अमेरिकेत घरी पाय ठेवायच्या तापमान मोजणाऱ्या चटईचा अभ्यास झाला, १२९ माणसं. जखमा झाल्या त्यांतल्या ९७ टक्क्यांची सूचना चटईने सरासरी ३७ दिवस आधी दिली होती. ऐकायला झकास. पण त्याच अभ्यासात ५७ टक्के खोटे अलार्म. नेदरलँड्समध्ये ३०४ जणांना १८ महिने बघितलं, तो अभ्यास २०२१चा; घरी रोज तापमान मोजूनही एकूण हिशोबात ठोस फरक निघाला नाही. गरम जागा सापडल्यावर ज्यांनी खरंच चालणं कमी केलं, त्यांना फायदा झाला. हे वाचून मला आमच्या मॉलचीच आठवण झाली. दर सहा महिन्यांनी थर्मोग्राफीचा रिपोर्ट येतो, फाइलला लागतो, ऑडिटला दाखवतात. लग घट्ट करायला शटडाऊन कोणी देत नाही, कारण वीकेंडला गर्दी असते. मग दिवाळीत पॅनेल जळतं आणि सगळे विचारतात, रिपोर्ट कुठाय?

मला शटडाऊन मिळालं. मॅडमनी चिठ्ठी दिली, तीन आठवडे बसून ड्युटी. कंट्रोल रूममध्ये बसलो, स्क्रीन बघत. साहेबांनी तोंड वाकडं केलं पण दिली. बुटात त्या जागेभोवती फेल्टची गादी कापून लावली, मधे भोक, म्हणजे भार आजूबाजूला जातो. तीन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन: फरक १.१.

पैशांचं सांगतो. पहिल्या दिवशी सगळ्या तपासण्या धरून २,५०० घेतले, पुढचं स्कॅन ८००. आधीचं चुकीचं स्कॅन त्यांनी बिलात धरलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. पण काउंटरवर ६,५०० च्या चपलेचा आग्रह इतका, की मला वाटलं कॅमेरा हे आमिष आणि चप्पल हा धंदा. मी ओळखीच्या कारागिराकडून एमसीआरची करून घेतली, मॅडमना दाखवली, त्या चालेल म्हणाल्या.

कोणी जावं? ज्याच्या पायाला बधिरपणा आलाय, आधी जखम होऊन गेलीय, त्याने जरूर. जखम एकदा होऊन भरली तरी वर्षाच्या आत शंभरातल्या साधारण ४० जणांना पुन्हा होते. कोणी यावर विसंबू नये, तेही सांगतो. रक्तपुरवठा कमी असेल तर पाय मुळातच गार पडतो, आत सूज असली तरी चित्रात दबून जाते. एक पाय आधीच गेला असेल तर तुलना कशाशी करणार? दोन्ही पायांना एकाच जागी त्रास असेल तर वजाबाकी शून्य. बोटांच्या बेचक्यात कॅमेरा बघत नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात अर्ध्या कटकटी तिथेच सुरू होतात. तिथे बोटं फाकवून डोळ्यांनीच बघायला लागतं.

ते डोंबिवलीचे गृहस्थ दुसऱ्या भेटीत पुन्हा दिसले, पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. शार्को फूट निघालं. हाडं आतल्या आत मऊ होऊन पाऊल कोसळतं, दुखत मात्र नाही, आणि सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसतही नाही. त्यांच्या दोन पायांत पाच डिग्रीचा फरक होता. प्लास्टर कधी काढायचं हे ठरवतानाही तोच फरक बघणार आहेत. ते मला म्हणाले, "मी तर बाम चोळून गरम होतंय समजत होतो."

आणि हो, दुसऱ्या भेटीत दारात कापडी स्लीपर ठेवल्या होत्या. बोर्ड दोन्ही तसेच. लिफ्टची पाटीही तशीच. सेवेला पाचपैकी साडेतीन, मॅडमना पाच.

रोजचं स्कॅन परवडणार नाही, म्हणून घरी जुगाड केलंय. २०२० साली सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावायची बंदूक होती, ती वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेली. सेक्रेटरींना विचारून आणली. पहिल्या दिवशी पायावर धरली तर नुसतं 'लो' दाखवायला लागली. मग लक्षात आलं, तिच्यात बॉडी मोड आणि सरफेस मोड असे दोन मोड असतात. बॉडीवर ती कपाळ समजून आपल्या मनाने आकडा वाढवते. सरफेसवर टाकली की बरोबर. मॅडमना विचारून सहा जागा ठरवल्या: अंगठा, त्याच्या मागचा उंचवटा, मधला, करंगळीमागचा, तळव्याचा मध्य, टाच. रात्री जेवण झालं की मी खुर्चीवर पाय वर करून पंधरा मिनिटं पंखा बंद ठेवून बसतो, बायको बंदूक धरते, मी पॅनेलच्या लॉगबुकसारख्या रकान्यांत लिहितो. डावा, उजवा, फरक.

ती मंगळवारी सिद्धिविनायकाला जाते, मी पूर्वी बरोबर अनवाणी चालत जायचो. आता चप्पल घालून जातो आणि आत जाड मोज्यांवर. गेल्या मंगळवारी आल्यावर मोजलं तर उंचवट्यावर १.९. मी म्हटलं, दोनच्या आत आहे, चालण्याने झालं असेल. तिने वही माझ्याकडून घेतली, आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि म्हणाली, "उद्या सकाळी परत मोजणार. आणि तोपर्यंत तुम्ही खाली दूध आणायला जायचं नाही."

सकाळी १.२ होता. दूध तिनेच आणलं.